उंबऱ्यात बसलेल्या बाईची नोंद

आमच्या घरात एक रजिस्टर आहे. लाल कापडी पुठ्ठ्याचं, दोनशे पानांचं. त्यात दोनशे चौदा नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीला पाच रकाने: अनुक्रमांक, सिनेमा, वेळ, दृश्यात काय दिसतं, आणि कशावरून घेतलं. पहिले चार रकाने माझ्या अक्षरात आहेत, पाचवा माझ्या बायकोच्या. पाचव्या रकान्यात एकतीस ठिकाणी तिने 'खात्री नाही' असं लिहिलं आहे. कोरी जागा मात्र एकच होती, दोनशे चौदाव्या नोंदीसमोर. ती जागा दोन वर्षं कोरी राहिली. ती कशी भरली ते लिहून ठेवतो आहे, कारण रकान्यात ते मावणार नाही.

मी जमिनीच्या मोजणी खात्यात आहे. साखळीने मोजायला सुरुवात केली, आता यंत्राने मोजतो. बांध कुठून कुठे जातो, खुणेचा दगड हलला आहे की नाही, हे बघण्यात नोकरी गेली. आमच्या कामात 'अंदाजे' हा शब्द लिहिता येत नाही. बायको जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिचं सगळं काम अंदाजाचं आहे असं मी लग्नानंतर बरीच वर्षं समजत होतो.

रजिस्टर सुरू झालं ते एका भांडणातून. मी तेव्हा धुळ्याला होतो, लग्नाला दुसरं वर्ष. रविवारी दुपारच्या खेळाला गेलो होतो. सिनेमात एका श्रीमंत घरातलं जेवण होतं. लांबलचक टेबल, मधोमध घरातला कर्ता आणि दोन्ही बाजूंना माणसं. सगळी एकाच बाजूला बसलेली, आपल्याकडे तोंड करून. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मोजा बरं किती आहेत."

मोजायला सांगितलं की मी मोजतो. तेरा होते.

"हे जगातलं फार प्रसिद्ध चित्र आहे," ती म्हणाली. "मधला माणूस आता मरणार बघा."

"एका बाजूला बसले यात काय विशेष?" मी म्हणालो. "आपल्या पंगतीत सगळे एकाच बाजूला बसतात."

"पंगतीत टेबल असतं का? आणि समोरून वाढपी फिरतो. इथे समोर कोण फिरतंय?"

मागच्या रांगेतून कोणी तरी "ओ पाहुणे, घरी जाऊन वाढा" म्हणालं, आणि आम्ही गप्प बसलो. पुढच्या वीस मिनिटांत मधला माणूस मेला. बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, असं असेल तर पुरावा ठेवायला पाहिजे. तिने ते चेष्टेत घेतलं, मी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी रजिस्टर आणलं.

त्यानंतर आमचं सिनेमा बघणं बदललं. मी गोष्ट बघायचो, ती गोष्ट सोडून बाकी सगळं. उजेड कुठल्या बाजूने येतोय, कोण कुणाच्या किती मागे उभं आहे, पदर कुठल्या खांद्यावर आहे. पौराणिक सिनेमातली देवी कमळावर उभी राहिली की ती म्हणायची, हे दिवाणखान्यातल्या कॅलेंडरवरून घेतलं. दरबाराचं दृश्य आलं की म्हणायची, हे पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून. माणसंसुद्धा तिला अशीच सापडायची. एका सिनेमात म्हातारा पुढारी नुसता अंगणातून चालत जातो. ती म्हणाली, "हातात काठी नाही, तरी काठी असल्यासारखा चालतोय बघा." मग तो नट कुणाची चाल चालतोय ते मलाही दिसलं. जुन्या फोटोंमधून सगळ्या देशाला माहीत असलेली चाल होती ती.

सत्याण्णवाव्या नोंदीवरून पुन्हा वाद झाला. शिरपूरकडच्या पोरांनी अहिराणीत एक विनोदी व्हिडिओ केला होता. एका मोठ्या हिंदी सिनेमात नायक धुक्यातून घोड्यावर येतो, तसा यांचा नायक धुळीतून ट्रॅक्टरवर येत होता, आणि मागे ट्रॉलीत केळीचे घड. तिला नोंद हवी होती. मी म्हणालो, हा सिनेमा नाही, ही नक्कल आहे.

"का?" ती म्हणाली. "मोठ्या माणसाने उचललं तर प्रेरणा, आणि आपल्या पोरांनी उचललं तर नक्कल?"

मी नोंद केली.

पाचव्या रकान्यात माझं कर्तृत्व एकदाच आहे. एका गाण्यात नायक हातात फूल घेऊन उभा असतो. तो तीन ठिकाणी वाकला आहे, मान, कंबर आणि गुडघा, हे मी मोजलं आणि म्हणालो, "अजिंठा." शाळेच्या सहलीत पाहिलेलं ते चित्र माझ्या डोक्यात कुठे बसलं होतं मला माहीत नाही. जळगावच्या माणसाने अजिंठा ओळखण्यात फार काही नाही. पण तिने रजिस्टर माझ्या हातातून घेतलं, पाचव्या रकान्यात 'अजिंठा' लिहिलं आणि पुढे कंसात लिहिलं, 'यांनी ओळखलं'. नोंद क्रमांक एकशे चाळीस.

आता दोनशे चौदावी.

तो सिनेमा आम्ही घरीच टीव्हीवर पाहिला. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली होती, घरात आम्ही दोघंच. सिनेमा मराठी होता, फारसा चालला नसावा. एक तास बारा मिनिटं चाळीस सेकंदांनी एक दृश्य येतं. एक बाई घराच्या उंबऱ्यात बसली आहे, मांडीवर रिकामं ताट. तिने बाहेर पाहिलं आहे, डाव्या खांद्यावरून. उजवा हात चौकटीला. बोलणं नाही. एकोणीस सेकंद.

"थांबवा, थांबवा," ती म्हणाली. मी थांबवलं. ती उठून टीव्हीच्या जवळ गेली, आणि हसायलाच लागली.

"अहो, ही तर आमच्या घरची कानबाई!"

तिचं माहेर धरणगावचं. त्या घरी श्रावणात कानबाई बसते. खानदेशात अनेक घरांत बसते. नारळाची देवी करतात, तिला साडी नेसवतात, दागिने घालतात, चौरंगावर मांडतात, आणि लांबलांबचे भाऊबंद त्या दिवशी घरी येतात. तिच्या माहेरी चौरंगामागे भिंतीला टेकवून एक तसबीर ठेवायची पद्धत होती. वर्षभर ती फडक्यात गुंडाळून कपाटात, त्या एका दिवशी बाहेर. काचेवर कुंकू, वर हार. घरातले सगळे तिला देवी म्हणायचे.

"लहानपणापासून पाया पडते मी हिच्या," ती म्हणाली. "पण देवी कधी उंबऱ्यात बसेल का? आणि मांडीवर रिकामं ताट घेऊन? इतकी वर्षं पोरांना चित्र बघायला शिकवते, आणि मी हे कधी पाहिलंच नाही." तिला फार मजा वाटत होती. "म्हणजे हे कुणाचं तरी मोठं चित्र आहे. कॅलेंडरवर आलं असेल. सिनेमावाल्यांना सापडलं आणि आमच्याकडे त्याची पूजा चालली आहे. लिहू नका अजून. श्रावणात जाऊन बघते, मग लिहिते."

श्रावणाला चार महिने होते. तिच्या आजारपणाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सात आठवडे लागले.

*

त्यानंतर मी काही काळ रविवारी सिनेमा लावत असे. चार रकाने मला भरता येत होते. वेळ बघायचो, माणसं मोजायचो. पण कशाची नोंद करायची हेच कळत नव्हतं, कारण कुठे थांबायचं ते ती सांगायची. सिनेमा सुरू व्हायचा आणि संपायचा. दोनशे पंधरावी नोंद झाली नाही.

घरात बाकी फारसं बदललं नाही. कुकरमध्ये भात किती लावायचा ते ठरायला महिना गेला. मुलगी रोज साडेआठला फोन करते, सरासरी सहा मिनिटं बोलतो. ती दिवाळीत आली तेव्हा दाराशी असलेल्या आईच्या चपला पाहून थबकली. "बाबा, या कुणाला तरी देऊन टाकू या," म्हणाली. मी म्हणालो, बघू. त्या पाच नंबरच्या आहेत, दुसऱ्या कुणाला सहज बसणार नाहीत, हेही सांगितलं.

कोरी जागा मात्र मला खटकत होती. बांध मोजताना एक खूण सापडली नाही तर नकाशा पूर्ण होत नाही, तसं. मी ठरवलं की हे चित्र शोधायचं.

बायकोने कलाशिक्षणाची पदविका धुळ्याला घेतली होती. तिथले तिचे सर निवृत्त होऊन तिथेच राहतात हे मला माहीत होतं. एका मोजणीसाठी धुळ्याला गेलो असताना त्यांच्याकडे गेलो. टीव्हीवर थांबवलेल्या दृश्याचा मोबाइलमध्ये काढलेला फोटो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "अरे, हिला कोण ओळखत नाही!" मला वाटलं, मी नाही ओळखत. त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि पान उघडलं.

तीच बाई. तोच उंबरा, तेच ताट. चित्रकार मोठा होता, फार पूर्वी गेलेला. सरांनी सांगितलं की हे चित्र एके काळी कॅलेंडरांवर, काडेपेट्यांवर, कापडाच्या ताग्यांच्या लेबलांवर, सगळीकडे होतं.

पण पुस्तकातल्या चित्रात एक गोष्ट जास्त होती. उंबऱ्याच्या खाली, पायरीवर, एका पुरुषाचे जोडे होते. नीट शेजारी शेजारी ठेवलेले, टाचा बाहेरच्या बाजूला.

"सिनेमात हे नाहीत," मी म्हणालो.

"कसे असतील? पडदा आडवा, चित्र उभं. काही तरी कापावंच लागतं. खालचं कापलं." सर हसले. "तुम्ही मोजणीवाले. तुम्हाला कळायला पाहिजे. जोडे काढले की सगळंच बदललं. सिनेमात ती वाट बघते. चित्रात तिचा माणूस घरी आलेला आहे. आत असेल, हातपाय धूत असेल. ती त्याला वाढायला बसली आहे, आणि बाहेर सहज बघते आहे."

हे मला पटलं. पुरावा स्पष्ट होता. त्या पानाची रंगीत प्रत काढून घेतली, आणि परतीच्या बसमध्ये दोन वेळा पिशवीतून काढून पाहिली.

खरं तर त्या दिवशी पाचवा रकाना भरता आला असता. चित्रकाराचं नाव होतं, चित्राचं नाव होतं. मी भरला नाही, कारण तोपर्यंत मला दुसरंच काही हवं होतं. मला ती तसबीर हवी होती.

शालकाने धरणगावला नवं घर बांधायला काढलं होतं. जुन्या घरातल्या तसबिरी नदीत सोडायच्या आहेत असं वहिनी, म्हणजे शालकाची बायको, फोनवर म्हणाल्या होत्या. "कानबाईची तेवढी ठेवणार," असंही त्या पुढे म्हणाल्या. मी हिशेब केला. ती देवी आहे म्हणून ते ठेवणार. ती देवी नाही हे मी कागदानिशी दाखवलं, तर ते एक जुनं कॅलेंडर राहतं. जुनं कॅलेंडर जावयाला द्यायला कोण नाही म्हणेल? मग ती माझ्या भिंतीवर येईल, रजिस्टरच्या कपाटावर. बायकोला जे जाऊन बघायचं होतं ते माझ्या घरी असेल. दुसऱ्याच्या घरातला देव पुराव्याने खोटा पाडून घरी आणायचा, हा त्याचा अर्थ होतो, हे तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आज लिहिताना वाटतं.

*

श्रावणातल्या त्या रविवारी सकाळच्या बसने धरणगावला गेलो. पिशवीत रंगीत प्रत, मोजपट्टी आणि रजिस्टर.

दारातच शालक भेटला. तो बायकोपेक्षा लहान, मला दाजी म्हणतो. पिशवीतून टेप डोकावत होता तो त्याने पाहिला.

"ही म्हणाली दाजी दर्शनाला येतायत. तुम्ही तर मोजणीला आलात!"

"त्यांना नवं घर दाखवा आधी," वहिनी आतून म्हणाल्या. "भिंत आपल्या हद्दीत आहे का विचारा. मागून बोंब नको."

"नोटीस काढल्याशिवाय मोजत नाही मी," मी म्हणालो. सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर चार माणसं एकदम हसली.

घर भरलेलं होतं. रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजून झाले होते. त्या घरात भाऊबंदांपैकी माणसामागे सव्वा मूठ घेतात, तेवढ्याच पिठाचे रोट करतात आणि ते त्याच कुळातल्या माणसांनी खायचे. यंदा किती, मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, सतरा माणसं. म्हणजे सव्वाएकवीस मुठी. जावई त्यात धरत नाहीत, तो परक्या कुळाचा. लग्न झाल्यावर बायकोलाही धरत नसत, आणि ती त्यावरून दरवर्षी भावाशी खोटंखोटं भांडायची. मला उगाचच वाटलं की आमच्या घरी हा हिशेब केला तर मुलगी धरून अडीच मुठी होतील.

चौरंग माजघरात मांडला होता. हिरव्या साडीतली कानबाई, नथ, गळ्यात दागिने. आणि मागे भिंतीला टेकलेली ती.

मी जवळ जाऊन बसलो. काचेवर अनेक वर्षांच्या कुंकवाचा डाग होता, कपाळाच्या जागी. रंग उडून बाई पिवळट झाली होती. उंबरा होता, ताट होतं, डाव्या खांद्यावरून बाहेर पाहणं होतं. खाली पायरी मात्र नव्हती. चित्र उंबऱ्याला लागूनच संपत होतं. मी टेप काढून फ्रेमच्या आतलं चित्र मोजलं. रुंदी साडेदहा इंच, उंची साडेबारा. पुस्तकातल्या प्रमाणाने उंची पावणेसोळा हवी होती. सव्वातीन इंच कमी.

"काय मोजी राहिनात, जवाईबापू?"

मागे अक्का होत्या. अक्का म्हणजे सासऱ्यांची बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि त्या भावाच्या घरी परत आल्या, त्या कायमच्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत. भिंतीला धरून चालतात, पण बोलणं खणखणीत. बायकोच्या आजारपणात आमच्याकडे जळगावला पंधरा दिवस राहिल्या होत्या, आणि नंतर वर्षश्राद्धालाही आल्या होत्या.

मी सांगितलं की हे चित्र खालून कापलेलं आहे.

"हाव," त्या सहज म्हणाल्या. "तो कागद मीच कापेल शे."

त्या माझ्या शेजारी टेकून बसल्या.

"मना भाऊनी आनेल व्हतं ते. जिनिंगवाला दिवाळीले कॅलेंडर वाटेत. बाई चांगली दिसनी म्हनीसन मी ठी लिधं. पन खाले जोडा व्हतात. देवनाजोडे जोडा चालस का? मंग कात्री लिधी."

म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्याने वाटलेलं ते कॅलेंडर होतं, आणि देवाजवळ जोडे नकोत म्हणून त्यांनी ते कापून टाकले होते. तारखांबरोबर जोडेही गेले. मला आता पुढचं बोलणं सोपं वाटलं. मी पिशवीतून रंगीत प्रत काढली.

"अक्का, रागावू नका. ही देवी नाही. हे एका चित्रकाराचं चित्र आहे. साध्या घरातली बाई आहे ही."

"माले मालूम शे," अक्का म्हणाल्या.

"मालूम आहे?"

"मी काय आंधळी शे का? देवी कोठे असं ताट लिसन बसस? बाई शे ती. वाट देखी राहिनी." त्यांनी काचेवरचा हार थोडा सरळ केला. "कोनी उनं नही तिनाकडे. मंग वरीसमा एक दिन तरी आपन जावाले पायजे ना तिनाजोडे. म्हनीसन मी तिले आठे ठेवस. पोरं देवी म्हंतस, म्हनू दे."

माझा सगळा हिशेब तिथेच संपायला हवा होता. जिचं देवपण मी मोडायला आलो होतो, ते त्यांनी कधी मानलंच नव्हतं; जिच्याकडे कुणी आलं नाही तिच्याकडे वर्षातून एक दिवस तरी आपण जायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण मला सवय वाईट. नोंद चुकीची असली की मला गप्प बसवत नाही. मी कागद त्यांच्या पुढे धरला आणि बोट ठेवलं.

"पण ती वाट बघत नाहीये अक्का. हे बघा. हे जोडे. तिचा माणूस घरी आलेला आहे. आत आहे तो."

अक्कांनी कागद हातात घेतला, दूर धरला, जवळ आणला. सव्वातीन इंच, जे त्यांनी तरुणपणी कात्रीने काढून टाकले होते, ते बराच वेळ पाहिले. चुलीकडे कुणी तरी रोट मोडला म्हणून ओरडत होतं. मग त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

"जोडा शे म्हनीसन मानूस शे का?" त्या म्हणाल्या. "तुमना दारमा शेतस ना तिन्या चपला."

त्यांचा आवाज कडू नव्हता. जेवायला बसा म्हणावं तसं म्हणाल्या.

मी कागदाची घडी आधीच्याच रेघांवर केली. सरांनी सांगितलं ते मला पटलं होतं, आणि आता हेही पटत होतं. दोन्हीला पुरावा एकच होता. मोजणीत असं होत नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमले पायजे का ते?"

"काय?"

"चित्र. कवयना दखी राहिनू मी, तुमनी नजर हाटत नही. तिनी सांगेल व्हतं माले, जळगावले. म्हने, अक्का, श्रावणमा उनू का तुमनी देवी नीट दखसू." श्रावणात आले की तुमची देवी नीट बघेन, असं बायको त्यांना आजारपणात म्हणाली होती. "ल्या. मी सांगी दिसू पोरले. तो नही म्हनाव नही."

ज्यासाठी आलो होतो ते समोर होतं. कुणाला खोटं पाडावं लागलं नव्हतं. मी पुन्हा एकदा तिच्याकडे पाहिलं. कपाळावर सकाळचं ताजं कुंकू होतं. समोर पाच-सहा बायका ये-जा करत होत्या. एक लहान मुलगी नमस्कार करताना एक डोळा उघडा ठेवून तिच्या ताटात काय आहे ते बघत होती. माझ्या घरी कपाटावर ती तीनशे पासष्ट दिवस असती. तिच्याकडे बघायला मी एकटा, आणि मला चित्रातलं कळत नाही.

"नको," मी म्हणालो. "इथेच राहू द्या. माझ्या घरी कुणी येत नाही."

अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याच हाताचा आधार घेऊन उठल्या. "मंग तुम्हीच येत जा," म्हणाल्या.

जेवायला पुरणपोळी आणि खीर होती. रोट मला वाढले नाहीत, ते बरोबरच होतं. शालक म्हणाला, "दाजी, पुढच्या वर्षी रविवारीच या. सोमवारी सकाळी विसर्जन असतं, मग ती परत कपाटात जाते."

दुपारच्या बसने परत आलो. कुलूप काढताना चपला बाजूला सरकवाव्या लागतात, नाही तर दार अडतं. सरकवल्या.

रजिस्टर काढलं. पाचवा रकाना तिचा, त्यात मी कधी लिहिलं नव्हतं. चित्रकाराचं नाव लिहायचं की धरणगाव, यावर बराच वेळ गेला. दोन्ही खरं होतं. शेवटी चित्रकाराचं नाव लिहिलं, त्याखाली 'धरणगाव, साडेदहा गुणिले साडेबारा इंच, जोडे कापलेले', आणि पुढे कंसात, 'अक्कांनी ओळखलं'.

साडेआठला मुलीचा फोन आला.

"मिळालं का चित्र, बाबा?"

"नाही. बघून आलो."

"मग?"

"देवी नाहीये ती. अक्कांना पहिल्यापासून माहीत होतं."

ती हसली, आई हसायची तसं नाही, तिचं तिचं. मग म्हणाली, "आणि चपलांचं काय ठरवलंत?"

"आहेत," मी म्हणालो. "राहू दे."

त्या दिवशी आम्ही एकोणीस मिनिटं बोललो.